सहा दिवसांची सृष्टी आणि शहाबादी फरशी

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आपल्याकडे बहुधा एकाच कामासाठी उघडले जाते. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या प्रसिद्ध ओव्या म्हटल्या जातात आणि ग्रंथ मिटतो. मी पुढे वाचत गेलो त्याला निमित्त झाले बिदरचे एक सहकारी. ते जीवशास्त्र शिकवीत आणि रविवारी चर्चमध्ये कन्नडमधून प्रवचन करीत. माणूस सज्जन, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. वर्गात उत्क्रांती मन लावून समजावीत आणि चहाच्या वेळी शांतपणे म्हणत, ‘सर, हे परीक्षेपुरते. पृथ्वीला सहा हजार वर्षे झाली.’ मी नास्तिक आहे हे त्यांना ठाऊक होते. ते माझ्यासाठी प्रार्थना करतात हे मला ठाऊक होते.

आम्ही बसायचो त्या खोलीत शहाबादी फरशी होती. कलबुर्गी जिल्ह्यातला हा चुनखडीचा दगड प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झाला. त्याचे वय पन्नास कोटी वर्षांहून अधिक. बिदरचा किल्ला ज्या जांभ्यात उभा आहे, तो ज्या काळ्या खडकाची झीज होऊन बनला, त्या खडकाचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ते हसून म्हणत, दगडावर तारीख लिहिलेली नसते. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून ती वाचता येते हे त्यांनाही माहीत होते. म्हणजे उणीव माहितीची नव्हती. मतभेद होता तो ग्रंथ कसा वाचावा याचा, आणि म्हणूनच हा विषय समीक्षेच्या पानावर आणतो आहे.

1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेजुइटाचे पुराण 1616 मध्ये राशोलला रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती येते. मूळ बायबलमध्ये प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. हिशेब म्हणून पाहिले तर घोळच. पण संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हे पालुपद कानात धरून वाचावे, म्हणजे ती रचना गाण्याची आहे हे कळते. स्टीफन्स यांनी तिला ओवीत बसवले, कारण ओवी ऐकायला जमलेल्या माणसांसाठी असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ख्रिस्ती स्वर्गाला ते बिनदिक्कत ‘वैकुंठ’ म्हणतात. शब्दाला शब्द चिकटवून बसणारा माणूस हे करणार नाही. माझ्या सहकाऱ्यांना मात्र तो शब्द खटकला. ‘हा तुमचा शब्द,’ ते म्हणाले.

कुणी म्हणेल, स्टीफन्सही सहा दिवस खरेच मानीत असतील. मानीत असणारच! पण अशर या आयरिश धर्माधिकाऱ्याने सृष्टीचा आरंभ इ. स. पूर्व 4004 असा मांडला तो 1650 मध्ये, आणि हटनने पृथ्वीचा अफाट काळ मांडला 1788 मध्ये. स्टीफन्स यांच्यापुढे नाकारायला दुसरे काही नव्हतेच. आजचा ‘सहा हजार’चा आग्रह वेगळा आहे. 1961 मध्ये अमेरिकेत व्हिटकम आणि मॉरिस यांनी जलप्रलयावर पुस्तक लिहून बायबलला भूशास्त्राचा अंगरखा चढवला, आणि गंमत अशी की त्यामुळे काव्याची किंमत वाढण्याऐवजी ते प्रयोगशाळेचा अहवाल होऊन बसले. सगळे ख्रिस्ती असे वाचीत नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये उत्क्रांतीला निव्वळ गृहीतकाहून अधिक मानले होते.

आपल्या घरातही हे वाचन आहेच. मत्स्य, कूर्म, वराह म्हणजेच उत्क्रांती, असे माझे वारकरी मामा ठासून सांगत. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनला चूक ठरवले, तेव्हा मामा गोंधळले आणि सहकारी खूश झाले. 2023 मध्ये राष्ट्रीय पाठ्यक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, त्याचे मात्र दोघांनाही काही वाटले नाही. मला वाटले.

असो. ख्रिस्तपुराण सर्वत्र सारखे रसाळ नाही. धर्मोपदेश सुरू झाला की ओवी जड होते आणि पाने उलटावीशी वाटतात. सालढाणा यांची 1907 ची प्रत मंगळुरात निघाली, रोमन लिपीतच. 1956 ची शांताराम बंडेलू यांची देवनागरी प्रत मिळाली तर सृष्टीचे प्रकरण आधी वाचावे, आणि शक्यतो मोठ्याने.