जागल

उभ्या पिकाची रात्री शेतात राखण करावयाची, तिला आमच्या वऱ्हाडात जागल म्हणतात. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटात ही जागल शेतातून घरात आली आहे. शेजारच्या भास्करने आत्महत्या केली आणि अलकाच्या काळजात धास्ती बसली, की आपला किसनाही त्याच वाटेने गेला तर? मग ती नवऱ्याच्या मागे कधी लहानग्या दिनूला पाठविते, कधी सासूला. त्याच्या आवडीचे रांधते, त्याचे मन राखते. या पाळतीतून उत्पन्न होणारा विनोद मोठा कडवट आहे. एरवी वऱ्हाडी बोली पडद्यावर येते ती बहुधा हशा पिकविण्यासाठी. येथे ती भीतीची भाषा झाली, हे दिग्दर्शकाचे यश लहान नव्हे.

या चित्रपटाची चर्चा झाली ती कर्ज, पाऊस आणि कापूस यांच्या अंगाने. ते साहजिकच होते. परंतु माझ्या मते त्याचा खरा विषय अलका हाच आहे. सगळे घर पहाऱ्यावर आहे, आणि तरीही ‘तुमच्या मनात तसे काही येते काय?’ हा एक प्रश्न उघडपणे विचारण्याचे बळ तिच्यापाशी नाही. विचारले तर नसते ते डोक्यात भरेल, अशी आपल्याकडील समजूत. मनोविकारतज्ज्ञांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. विचारल्याने ओझे हलके होते. जिवाला धोका होईल अशा वस्तू, विशेषतः फवारणीचे औषध, घराबाहेर कुलुपात ठेवणे हेही जागलीइतकेच मोलाचे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ याच प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने पाहतो. स्वतःला इजा करून घेतलेला एक तरुण इस्पितळातून निघून जातो आणि जानकी नावाची परकी बाई त्याला आसरा देते. ती त्याला नावगावही विचारीत नाही, उपदेश तर नाहीच. इरावती हर्षे यांनी ही अबोल माया अतिशय संयमाने दाखविली आहे. २०१७ साली जाहीर झालेले सुवर्णकमळ या चित्रपटाला मिळाले, ते योग्यच झाले. मात्र एक तक्रार राहतेच. जानकीपाशी कोकणचा किनारा आहे, मोटार आहे, सवड आहे, आणि तिने स्वतः उपचार घेतलेले आहेत. दर्यापूर-तेल्हाऱ्याच्या कास्तकाराच्या बायकोने जावे कोठे?

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण माहेरवाशिणी घरी येतात, मुले शहरांतून परततात, आणि भर उन्हाळ्यातही लांब बाह्या न सोडणारी पोर घरच्यांच्या नजरेस पडते ती याच दिवसांत. ‘पोलिस केस’च्या भयाने पुष्कळ घरे गप्प बसतात. वस्तुतः २०१८ साली अमलात आलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने ३०९ कलम उरलेले नाही. अमरावतीचे इर्विन, अकोल्याचे सर्वोपचार, ही दारे उघडी आहेत. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, आणि तेथे केवळ रोग्यानेच बोलावे असा दंडक नाही.

याहून बोलकी गोष्ट अमरावती जिल्ह्यातच घडलेली आहे. ‘विश्राम’ या उपक्रमाने ३० गावांत साध्याच कार्यकर्त्यांना समुपदेशन शिकवून घरोघरी धाडले. विषण्णतेने ग्रासलेल्या १०० जणांत मदत घेणारे पूर्वी जेमतेम ४ होते, ते दीड वर्षात २७ झाले. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त हे आकडे प्रसिद्ध झाले, आपल्या लेखकांपर्यंत ते पोचल्याचे दिसत नाही. ओसरीवर कार्यकर्ती बसली आहे, किसना शेतावर गेला आहे, आणि आपल्याला कित्येक रात्री झोप नाही हे अलका कोणाला तरी प्रथमच सांगते आहे, असा प्रसंग मराठी पडद्यावर माझ्या तरी पाहण्यात नाही.