घोडा परतला, भाडेकरू गेले

जुन्या वस्त्यांच्या पुनरुज्जीवनाची चर्चा आपल्याकडे दोन आरोपींभोवती फिरते: नफेखोर बिल्डर आणि सुस्त सरकार. त्यामुळे एखादी ना-नफा संस्था पुढे आली की टीकेची धार आपोआप बोथट होते. ही सवलत मला मान्य नाही. संस्था नफा घेत नाही, एवढ्याने तिच्या कामाची परीक्षा संपत नाही. त्या कामाने वस्तीतल्या माणसांचे काय झाले, हे पाहावेच लागते.

मुंबईतल्या काळा घोडा परिसराचे उदाहरण घेऊ. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ पासून तिचा कला महोत्सव भरू लागला. संस्थेच्या पुढाकाराने फोर्टमधले रतनसी मुळजी जेठा कारंजे आणि बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ उभारलेला घड्याळ-मनोरा यांचा जीर्णोद्धार झाला. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये इथून हलला आणि राणीच्या बागेत गेला होता. २०१७ मध्ये त्या चौकात स्वार नसलेला नवा काळा घोडा उभा राहिला. ही कामे चांगली आहेत, यात वाद नाही.

पण त्याच परिसरात एस्प्लनेड मॅन्शन आहे. एकेकाळचे हे वॉटसन हॉटेल, १८६० च्या दशकातली बिडाच्या सांगाड्याची इमारत. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईकरांनी इथेच पाहिली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला, २०१९ मध्ये धोकादायक म्हणून ती रिकामी करावी लागली. कारंजे उजळले, मनोरा उजळला, मग हीच का राहिली?

माझे उत्तर असे: कारंज्यात भाडेकरू नसतो. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहिले, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ आणले. ते इमारतींना टेकू देत राहिले. मालक, भाडेकरू आणि मंडळ यांच्या या गुंत्यात देणगीदार हात घालत नाही. तो दर्शनी भाग निवडतो.

या गुंत्यात थेट शिरलेली ना-नफा संस्था म्हणजे भेंडी बाजारातला सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट. २००९ मध्ये स्थापन झालेल्या या ट्रस्टच्या योजनेत सुमारे साडेसोळा एकर जमीन, अडीचशे इमारती आणि तीन हजारांहून अधिक कुटुंबे येतात. भाडेकरूला त्याच वस्तीत किमान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळावे, हे उद्दिष्ट काळा घोड्याच्या महोत्सवापेक्षा कितीतरी अवघड आणि अधिक माणुसकीचे आहे. तरीही योजनेचा पाया जुनाच. समूह विकासाच्या नियमाखाली वाढीव चटईक्षेत्र मिळते, त्यातला काही भाग खुल्या बाजारात विकायचा असतो. म्हणजे नफा नको म्हणणाऱ्या संस्थेलाही जमिनीच्या भावावर आणि टॉवरच्या उंचीवरच विसंबावे लागते. दारात दुकान, वर बिऱ्हाड, समोर गल्ली ही बाजाराची जुनी वीण त्या हिशेबात बसत नाही. शिवाय अशा योजनांत हक्क मिळतो तो पात्र ठरलेल्यालाच. दुकानाच्या माळ्यावर झोपणाऱ्या कामगाराकडे पावती कुठली?

एकीकडे दगड वाचला आणि रहिवासी वाऱ्यावर राहिला. दुसरीकडे रहिवाशाला घर, पण वस्ती गेली. मधली वाट दुरुस्तीची आहे: ज्याला परवडते त्याच्याकडून वाजवी भाडे, ज्याला परवडत नाही त्याला अनुदान, आणि ते पैसे त्याच इमारतीवर खर्च. ही वाट कायदा बदलल्याशिवाय खुली होणार नाही. नामवंत संस्थांनी आपली प्रतिष्ठा या मागणीमागे उभी करायला हवी होती. सोहळ्यांमागे ती सहज उभी राहते.

तोवर प्रत्येक जीर्णोद्धाराच्या उद्घाटनाला एकच प्रश्न विचारावा: काम सुरू होण्याआधी इथे कोण राहत होते, आणि त्यांतले किती जण आज इथे आहेत?