बाहुकाचा रथ आणि आमच्या मोटारी

ज्याने एके काळी दोन आसनांची, उघड्या टपाची जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार बाळगिली, तो मनुष्य रोजच्या वापरातील नव्या गाडीत बसला की हमखास एक तक्रार करितो: हिच्यात ती ताकद नाही. ही तक्रार आम्ही इतक्या तोंडांतून ऐकिली आहे की तिची एकदा साक्षीपुराव्यानिशी तपासणी व्हावी, असे आम्हांस वाटू लागले.

प्रथम आकडे पाहू. १९६१ साली इंग्लंडात निघालेली एम. जी. मिजेट ही अशा गाड्यांचा उत्तम नमुना. तिचे इंजिन ९४८ सी. सी. चे आणि शक्ती अवघी ४६ अश्वशक्ती. ताशी ९५-१०० किलोमीटरचा वेग गाठण्यास तिला वीस सेकंदांच्या आसपास लागत. पुढच्याच वर्षीच्या ट्रायम्फ स्पिटफायरची शक्ती ६३. आज डिचोलीच्या बाजारात भाजीच्या पिशव्या वाहणारी साधी मारुती स्विफ्ट ऐंशीच्या घरात आहे! वजनाचा हिशेब केला तरी पारडे नव्या गाडीकडेच झुकते. १९६१ च्याच जग्वार ई-टाइपचा दाखला कोणी देईल, तिची २६५ अश्वशक्ती आम्ही नाकारीत नाही. पण ती अपवादात्मक वस्तू. जिच्या आठवणीने बहुतेक लोक हळहळतात, ती गाडी आजच्या मानाने दुबळीच होती.

मग हरवले आहे ते काय? डिचोलीचे आमचे एक स्नेही, ज्यांनी आपली जुनी गाडी विकून नवी घेतली आणि जे मुळगाव, अस्नोडा, थिवी, कोलवाळ असे वळणावळणांनी कामानिमित्त पेडण्यास जातात, ते एकदा आम्हांस म्हणाले, "गाडी धांवता, पूण उलयना." ताकदीच्या तक्रारीपेक्षा हे कोकणी वाक्य आम्हांस अधिक नेमके वाटते.

वनपर्वातील नलोपाख्यान वाचकांना परिचित आहेच. विद्रूप झालेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाच्या पदरी राहतो आणि दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येताच राजाला एका दिवसात विदर्भास पोचविण्याचे पत्करितो. तो घोडे निवडतो ते कृश. राजा साशंक होतो. त्याला, आजच्या ग्राहकाप्रमाणे, धष्टपुष्टपणातच सामर्थ्य दिसते. रथ सुटतो. राजाचे उत्तरीय खाली पडते. ते उचलून आणू म्हणेपर्यंत ते योजनभर मागे राहिलेले असते. परंतु कथेचे मर्म पुढेच आहे. कुंडिनपुरात रथ शिरतो तेव्हा मोर आणि हत्ती मेघगर्जना समजून माना उंचावितात, आणि दमयंतीला त्या घोषावरूनच वाटते की हा नळच असला पाहिजे. वेग तिने पाहिलेला नसतो. तिने ऐकिलेला असतो हाकणाऱ्याचा हात.

जुन्या गाडीत मनुष्य जमिनीलगत बसे, वारा तोंडावर घेई, चाकाखालचा खडा त्याच्या तळहाताला कळे, गिअर चुकला तर गाडी कुरकुरे. ताशी पन्नासाच्या वेगातही तो सारथी होता. आजच्या बंद, गार, निःशब्द गाडीत सुकाणू हाती असूनही तो ऋतुपर्ण झाला आहे. हरवले आहे ते सारथ्य.

याच कसोटीवर आम्ही आमच्या गोव्यातच घडलेल्या एका कृतीकडे पाहतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची, उघडी, फायबरच्या अंगाची गाडी काढिली. इंजिन रेनॉचे, ११४९ सी. सी., शक्ती सुमारे ६०. 'एवढ्याशा शक्तीची कसली स्पोर्ट्‌स कार' हा तिच्यावरील आक्षेप आम्हांस अन्यायाचा वाटतो, कारण तो स्पिटफायरलाही लागू पडेल. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या मुलखात कापडी टपाची गाडी कोण घेणार, हा आक्षेप मात्र खरा. ती फार खपली नाही. तरी तिच्यामागची कल्पना क्षुद्र नव्हती.

उलट चिंता वाटते ती निदान चुकलेल्यांची. सारथ्य हरवले म्हणून जे अश्वशक्ती विकत घेतात, ते ती खर्च कोठे करितात? मोपा विमानतळाला महामार्गाशी जोडणारा रुंद रस्ता २०२४ साली खुला झाला. तेथे पाय दाबण्याचा मोह समजू शकतो, क्षम्य नव्हे. पण तोच पाय पुढे पेडण्यातील अरुंद, गुरे बसलेल्या रस्त्यावर किंवा शिरगावच्या जत्रेच्या वाटेवर उतरतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८४ वे कलम धोकादायक चालविण्याला शिक्षा सांगते. ते लागू होईपर्यंत बहुधा कोणाच्या तरी अंगणात दुखवटा आलेला असतो. बाहुकाने तसा वेग घेतला तो अश्वहृदय जाणून. आमच्या तरुणाने काय जाणून घेतला?

आता विजेवरच्या गाड्या आल्या आहेत. त्यांची ओढ जुन्या स्पोर्ट्‌स कारांना लाजवील अशी, आणि आवाज जवळजवळ नाहीच. ती उणीव भरून काढण्यासाठी काही कारखानदार ध्वनिक्षेपकातून इंजिनाचा कृत्रिम घोष ऐकवू लागले आहेत. जो घोष कोणी कारखान्यात बसून आधीच भरून ठेविला आहे, त्यावरून दमयंतीने ओळखावे तरी कोणाला?