मानीव परदेश : 'विशेष आर्थिक क्षेत्रा'च्या परिभाषेची चिकित्सा

शासनाचे अर्थधोरण तपासताना आकडेवारीइतकीच त्याची परिभाषाही तपासणे अगत्याचे असते. विशेष आर्थिक क्षेत्रांविषयीचा २००५ चा केंद्रीय अधिनियम या दृष्टीने उद्बोधक आहे. असे क्षेत्र प्राधिकृत व्यवहारांपुरते भारताच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरील प्रदेश मानण्यात येईल, असे त्याचे कलम ५३ सांगते. 'मानीव अभिहस्तांतरणा'मुळे दिंडोशीच्या गृहनिर्माण संस्थांना परिचित झालेला 'मानीव' हा शब्द येथे भूगोलासच लागू झाला आहे. दिंडोशीच्या दक्षिणेस, अंधेरी पूर्वेत वसलेले 'सीप्झ' हा या अर्थी मानीव परदेश होय.

कायद्यास अशी कल्पिते वर्ज्य नाहीत. त्यांतून काय साधले, एवढाच प्रश्न आहे. १९७३ साली सीप्झ स्थापन झाले ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी. तेव्हाचे नाव 'निर्यात प्रक्रिया क्षेत्र' असे होते. क्षेत्रात काय व्हावयाचे, हे त्या नावातूनच कळे. पुढे 'विशेष' हे विशेषण आले आणि कार्याचा निर्देश लोपून दर्जाचा तेवढा उरला. हा बदल केवळ शाब्दिक नव्हे. २००६ च्या नियमांनुसार उद्योग-घटकाची मुख्य कसोटी म्हणजे पाच वर्षांचे एकत्रित निव्वळ परकीय चलनार्जन धन असणे. तंत्रविद्या आत्मसात करण्याची अट तीत नाही. सीप्झने रोजगार दिला, रत्ने व दागिने यांची निर्यात वाढविली, हे मान्य करूनही ही उणीव नजरेआड करता येत नाही.

तैवाननेही १९६६ मध्ये काओशुंग येथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र उघडले होते. परंतु १९७३ मध्ये, म्हणजे सीप्झच्याच वर्षी, तेथे औद्योगिक तंत्रविद्या संशोधन संस्था निघाली आणि १९८० मध्ये शिंचू येथे विज्ञान-उद्यान उभे राहिले. सवलतीच्या जोडीस तेथे शिक्षणाची योजना होती.

या भेदाचे महत्त्व २०१९ मध्ये प्रत्ययास आले. जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा-निवारण समितीने (पॅनेलने) या योजनेतील निर्यातनिगडित कर-सवलती निषिद्ध अनुदाने ठरविल्या. भारताने अपील केले. तथापि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अपील-मंडळच गणसंख्येअभावी ठप्प झाले. प्रश्न लांबला, सुटला नाही.

'स्पर्धाक्षमता' हा तत्पुरुष समास आहे. त्यात उत्तरपद प्रधान असते. सवलतीची कसोटी चलनार्जनाबरोबरच प्रशिक्षण व संशोधन यांवरही ठेवली, तरच त्या 'क्षमता' या पदास धोरणात अर्थ येईल.