शंकेचे व्यापारी आणि आपण गिऱ्हाईक

गेल्या गणेशोत्सवात जेवणे आटोपल्यावर हवामानबदलाचा विषय निघाला. "अहो, शास्त्रज्ञांचंच अजून एकमत कुठं आहे?" असे एक स्नेही म्हणाले आणि मी मान डोलावली. इंजिनियरिंगमध्ये डॉक्टरेट केलेल्या माणसाने पुरावा न मागता मान डोलवावी, हे परतताना गाडीत मला टोचत राहिले. म्हणून नेओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे या इतिहासकारांचे 'मर्चंट्स ऑफ डाऊट' (२०१०) हे पुस्तक वाचायला घेतले.

लेखकांचे म्हणणे थोडक्यात असे: शास्त्र खोटे ठरवण्याची गरजच नसते, 'अजून नक्की नाही' एवढे लोकांच्या मनात भरवले की काम झाले. सिगारेटच्या कंपन्यांनी वापरलेली हीच युक्ती पुढे ओझोन आणि हवामानाच्या प्रश्नांतही वापरली गेली, आणि काही ठिकाणी माणसेही तीच होती. फ्रेडरिक साइट्झ हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष. पुढे ते एका तंबाखू कंपनीच्या संशोधन-अनुदानांचे काम पाहू लागले. १९८४ साली रॉबर्ट जॅस्ट्रो आणि विल्यम नीरेनबर्ग यांच्यासह त्यांनी मार्शल इन्स्टिट्यूट काढली. गंमत पाहा: तपमानवाढ सुरू झाली आहे, अशी साक्ष जून १९८८ मध्ये सिनेटपुढे देणारे जेम्स हॅन्सन ज्या नासाच्या गोडार्ड संस्थेचे संचालक होते, तिचे पहिले संचालक हेच जॅस्ट्रो!

कंपन्यांच्या कागदपत्रांतून लेखकांनी हे सारे चिकाटीने मांडले आहे. पुस्तकाचे मोल तिथेच आहे.

माझी तक्रार निराळी आहे. पुस्तकात विक्रेते लख्ख दिसतात, गिऱ्हाईक मात्र अंधारात राहते. विकसनशील देशांवर बंधने नसलेला करार अमेरिकेने करू नये, असा ठराव जुलै १९९७ मध्ये सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी केला. त्यात दोन्ही पक्ष आले. चार म्हाताऱ्या पदार्थवैज्ञानिकांच्या कारस्थानाने एवढी एकी होत नाही. मतदाराच्या खिशाची भीती तिथे बोलत होती. तो मतदार आज आपणही आहोत, आणि ज्या देशांकडे बोट दाखवले गेले त्यांत आपला भारतही होता.

कचेरीत एखादी डिस्क बिघडण्याची लक्षणे दिसली, तर सर्वांचे एकमत होईपर्यंत आम्ही थांबत नाही. आधी बॅकअप घेतो, मग वाद घालतो. घरी मात्र दारात दोन गाड्या, दरवर्षी भारतवारी. तिथे शंका फार सोयीची पडते. ती कोणी विकली म्हणून नव्हे, मला हवी होती म्हणून मी घेतली.

१९५८ साली मौना लोआ येथे मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साईडचे प्रमाण दशलक्षात सुमारे ३१५ भाग होते. २०२४ ची सरासरी ४२० च्या वर गेली. या आकड्यांना आपल्या एकमताची वाट पाहायची नाही.

पुस्तक जरूर वाचावे. फक्त वाचताना दुसऱ्यांची नावे मोजून थांबू नये. यंदाच्या गणपतीत ते स्नेही भेटतील. त्या दिवशी मान का डोलावली, हे त्यांना सांगायचे मी ठरवले आहे.