शापाचा फायदा कुणाला?

(गोरेगाव, जि. गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पुढच्या सतरंजीवर कॉलेजच्या मुली आहेत आणि मागे खुर्च्यांवर त्यांचे आईवडील, काका, आत्या. आजचा विषय दोघांच्या मधोमध पडतो, म्हणून थोडी जपून बोलणार आहे.

विषय कळवला तेव्हा मला फोनवर विचारलं गेलं, "मॅडम, शाप, जादू, राजकुमार, हे लहान पोरांचं ना? मोठ्यांसाठी काही नाही का?" मी म्हटलं, मोठ्यांनी दुसरं काय वाचलं हो इतकी वर्षं? मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळातही हेच बरंच होतं. 1861 ची हळब्यांची 'मुक्तामाला', 1868 ची रिसबुडांची 'मंजुघोषा'. ताटातूट, संकटं, अद्भुत योगायोग आणि शेवटी मीलन. पुढे 1885 साली हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' यायला लागली, आणि शहाण्या वाचकांनी ठरवून टाकलं की खरं साहित्य ते हे, आधीचं सगळं पोरखेळ. तेव्हापासून अद्भुत प्रेमकथा आपल्याकडे मागच्या दारानं येते. पोरी ती मोबाईलवर वाचतात आणि कुणी आलं की स्क्रीन उलटी ठेवतात. (हशा) हसताय म्हणजे माहिती आहे.

मी त्यातलं एक पुस्तक घेऊन सुरुवात करते, कारण इथल्या निदान दोघीतिघींनी ते वाचलेलं आहे, मघाशी विचारलं मी. सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'. 2015 सालचं. आधी तरुण वाचकांसाठी म्हणून आलं, नंतर दुकानदारांनी ते मोठ्यांच्या कपाटात सरकवलं. गोष्ट जुनीच आहे, सुंदरी आणि पशूची, जी फ्रेंचमध्ये 1740 साली पहिल्यांदा छापली गेली. फेयरा नावाची एकोणीस वर्षांची गरीब मुलगी, घर तिच्या शिकारीवर चालतं. ती एक लांडगा मारते, तो निघतो मायावी लोकांपैकी, आणि भरपाई म्हणून तिला टॅमलिन नावाच्या सरदाराच्या वाड्यावर जाऊन राहावं लागतं. टॅमलिनवर शाप आहे. माणसाच्या एका मुलीनं त्याच्यावर प्रेम केलं आणि तसं बोलून दाखवलं, तरच तो सुटेल. अट अशी की तिला हे सांगायचं नाही.

आता नीट बघा इथं काय झालं. तो तिला आणतो, तिच्याशी खोटं बोलतो, का आणलं ते लपवतो, आणि पुस्तक अर्ध्यावर गेल्यावर आपल्याला कळतं की शाप होता म्हणून. झालं! आपला सगळा राग विरघळला. बिचारा! शापामुळं वागत होता.

मला आज एवढंच विचारायचं आहे. प्रेमाच्या गोष्टीत शाप आला की तो नेमकं कुणाला सोडवतो? शाप कुणाला बांधतो ते आपण सगळे वाचतो. सोडवतो कुणाला, ते फारसं कुणी विचारत नाही.

आणि हा प्रश्न काही इंग्रजी पुस्तकांपुरता नाही. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. मराठी संगीत नाटक तिथून उभं राहिलं. म्हणजे आपली रंगभूमी ज्या गोष्टीवर उभी आहे तिच्या पोटात एक शाप आहे, दुर्वासाचा. तो आला कुठून? महाभारतात तो नाहीच. तिथं शकुंतला मुलाला घेऊन दुष्यंताच्या दरबारात येते, आणि तो तिला ओळखत असूनही नाही म्हणतो. भर दरबारात नाही म्हणतो. ती त्याला सणसणीत सुनावते. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा राजा कबूल करतो, मला माहीत होतं, लोकांनी काही म्हणू नये म्हणून तसं बोललो. कालिदासानं काय केलं? शाप घातला. आता राजा खोटारडा उरला नाही, विसरलेला झाला. अंगठी हरवली, आठवण गेली, त्याचा काय दोष?

कालिदास मोठा कवी आहे, मी गोंदिया जिल्ह्यात बसून त्याला कमी लेखायला आलेली नाही. उलट, त्यानं काय ठेवलंय ते बघितलं की माणूस थक्क होतो. शाप शकुंतला ऐकतच नाही. ऐकतात तिच्या मैत्रिणी, अनसूया आणि प्रियंवदा. प्रियंवदा धावत जाऊन ऋषीची विनवणी करते, उःशाप मिळवते की ओळखीची खूण दिसली की शाप सुटेल. आणि मग दोघी ठरवतात, हिला सांगायचं नाही, हिचा जीव नाजूक आहे. ज्या मुलीचं आयुष्य त्या शापावर उलटंपालटं होणार, तिला सोडून आश्रमात दोघींना माहिती! आपल्या गावांत, कुठल्याही गावांत, मुलीच्या लग्नाचं बोलणं कसं चालतं ते आठवा. बैठकीत सगळ्यांना माहिती असतं, आत चहा करणारीला सोडून.

शेवटच्या अंकात तर कमाल आहे. दुष्यंत तिच्या पाया पडतो, ती त्याला उठवते आणि म्हणते की माझंच मागचं काही कर्म असेल. शापाची गोष्ट मारीच ऋषी सांगतात ती यानंतर. म्हणजे तिनं माफ केलं तेव्हा तिच्याजवळ कारण नव्हतं. कारण मिळालं ते राजाला, आणि त्याचा पहिला उद्गार काय? सुटलो बुवा ठपक्यातून, अशा अर्थाचा. मी हा प्रवेश अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी मला वाटतं की कालिदासाला हे पुरतं कळत होतं. त्यानं राजाला पळवाट दिली, आणि पळवाट दिसेल अशीही ठेवली.

आता आपल्याकडची दुसरी गोष्ट. मला ती जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात शाप मुलगी देते.

कच आणि देवयानी. बृहस्पतीचा मुलगा कच शत्रूच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे, संजीवनी विद्या मिळवायला येतो. तरुण मुलगा, अशक्य काम, शत्रूचं घर, आणि त्या घरात मुलगी! आजचा कुठलाही प्रकाशक डोळे मिटून छापेल. असुर त्याला मारतात. एकदा लांडग्यांना खाऊ घालतात, एकदा समुद्रात मिसळतात, तिसऱ्यांदा जाळून राख मद्यात घालतात आणि ते शुक्राचार्यांनाच पाजतात. दर वेळी देवयानी बापाजवळ हट्ट धरते, कच आला नाही तर मी जगणार नाही. तिसऱ्या वेळी कच बापाच्या पोटात आहे, त्याला बाहेर काढायचं तर बाप मरणार. म्हणून पोटातल्या पोटात त्याला विद्या शिकवली जाते. खाडिलकरांनी 1913 साली यावर 'संगीत विद्याहरण' लिहिलं, पण त्यांचा रोख मद्यावर, दारूपायी विद्या गेली यावर. चांगलं नाटक आहे, पण देवयानीचा प्रश्न त्यात बाजूला राहतो.

काय आहे तिचा प्रश्न? विद्या मिळाली, कच निघाला. ती म्हणते, माझ्याशी लग्न कर. तो म्हणतो, तू गुरुकन्या, आणि मी तुझ्या बापाच्या पोटात राहून आलो, म्हणजे बहीण झालीस. ती शाप देते, तुझी विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, मला नाही फळली तर मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. आणि उलट शाप देतो, कुठलाही ऋषिपुत्र तुझं पाणिग्रहण करणार नाही.

मला शाळेत ही गोष्ट सांगितली तेव्हा तात्पर्य होतं कचाचा संयम. आज वाचताना मी हिशेब बघते. त्याला शापाचा तोटा किती? जवळजवळ शून्य, विद्या देवांकडे पोचलीच. तिला? तिचं अख्खं पुढचं आयुष्य. ययाति तिच्या आयुष्यात येतो तो या शापाच्या वाटेनं.

इथं खांडेकरांकडे यावं लागतं. 'ययाति', 1959. 1974 साली या कादंबरीला ज्ञानपीठ मिळालं. मागे बसलेल्या बऱ्याच जणांनी वाचली असेल, कुणी कुणी लपूनही, कारण तेव्हा ती मुलींनी वाचू नये असं म्हणणारे होतेच. खांडेकरांनी मोठं काम केलं. नहुषाच्या मुलांना सुख नाही हा शाप ययातीच्या डोक्यावर सुरुवातीपासून टांगलेला ठेवला, आणि तरी ययातीला त्यामागे लपू दिलं नाही. तो स्वतःच स्वतःचं नागडं चित्र काढतो. सुखाच्या मागे धावणं त्याचं, शाप फक्त सोबतीला. इथं पळवाट बंद केली आहे, आणि मराठीत ती इतक्या ठामपणे फार कमी वेळा बंद झाली आहे.

पण एका माणसाला खांडेकरांनी सोडलं. निवेदन करतात तिघं, ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. तिघंही आपल्या तोंडानं आपलं सांगतात आणि सापडतात. कचाला निवेदकाची जागा नाही. तो बाकीच्यांच्या आदरातून दिसतो, उंच, शांत, स्वच्छ. देवयानी मात्र गर्विष्ठ, हेकट. अहो, तीनदा ज्याला मरणातून ओढून आणलं तो उठून बहीण म्हणतो, तर ती हेकट होणार नाही तर काय होईल? माझं खांडेकरांशी भांडण एवढंच आहे. कचालाही बोलायला लावायचं होतं, एकच प्रकरण.

मूळ महाभारतातली एक बारीक गोष्ट सांगते, ती फार कमी जणांच्या लक्षात असते. शुक्राचार्यांनी म्हातारपणाचा शाप दिल्यावर ययाति गयावया करताना काय कारण देतो? देवयानीच्या सहवासात माझी अजून तृप्ती झालेली नाही. जिला फसवलं तिचं नाव पुढं करून उःशाप मागतो! तो मिळतो, दुसऱ्याला म्हातारपण देता येईल. मोठी मुलं नाही म्हणतात, पुरू हो म्हणतो. आणि उसनं तारुण्य मिळाल्यावर राजा जातो कुणाकडे? विश्वाची नावाच्या अप्सरेकडे.

(एक श्रोती: "मग टॅमलिनचं काय होतं मॅडम?")

हो, ते राहिलंच. वाचलेल्यांनी माफ करा, बाकीच्यांची मजा घालवते. पहिल्या पुस्तकात फेयरा डोंगराखाली जाऊन तीन परीक्षा देते, कोडं सोडवते, कोड्याचं उत्तर 'प्रेम', शाप सुटतो. तिथं संपलं असतं तर मी हे पुस्तक इथं आणलं नसतं. 2016 साली दुसरा भाग आला. शाप सुटला आहे, आता कारण उरलेलं नाही, आणि टॅमलिन तिला काळजीपोटी घरात कोंडून ठेवतो. फेयरा निघून जाते. लेखिकेनं आपल्याच नायकाची पळवाट काढून घेतली. भाषा सुमार आहे, पानं फार आहेत, तिथून पुढचा नायक मला फारच गुळचट वाटतो, ते सगळं खरं. पण ज्या मुलीनं हे दोन्ही भाग वाचलेत, तिला एक गोष्ट कळली आहे जी मला तिच्या वयात कळली नव्हती. म्हणून मागच्या ओळीतल्या आत्याबाईंनी मघाशी जे विचारलं, अशी पुस्तकं वाचून पोरी बिघडतात का, त्यावर माझं उत्तर असं की पहिला भाग वाचून थांबली तर थोडी काळजी करा. (हशा)

दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरेल, रात्रभर नाटकं होतील. झाडीपट्टीच्या नाटकात पहाटेच्या सुमाराला हमखास एक प्रवेश येतो. नायक परत आला आहे, रडतो आहे, आणि म्हणतो की नियतीनं मला तसं वागायला लावलं. मांडवातल्या बाया पदरानं डोळे पुसतात. मीही पुसते, खोटं कशाला सांगू, पेटी असली वाजते की इलाज नसतो. या वेळी तुम्ही जाल तेव्हा शेजारी बसलेल्या पोरीला हळूच विचारा, यानं काय केलं होतं म्हणून. तिला सांगता येतं का ते बघा.

चला, प्रश्न घेऊ. माईक तिकडे द्या.