महायुद्ध १९४५ला संपलं का?

श्रीनाथ राघवन यांचं ‘इंडियाज वॉर’ (२०१६) संशोधन सुरू करण्याआधी वाचाच. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य साधारण दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर कसं गेलं हे सांगताना ते नुसत्या लढाया मोजत नाहीत. पुरवठा, महागाई, राजकारण सगळं एकत्र आणतात. माझी तक्रार उपशीर्षकातल्या ‘१९३९–१९४५’ या आकड्यांबद्दल आहे.

शीळफाट्यावरून कल्याणकडे निघालं की काटई नाक्याला उजवीकडे बदलापूरचा रस्ता फुटतो. त्या रस्त्यावर नेवाळी. युद्धकाळात इंग्रज सरकारने इथल्या जमिनी घेऊन विमानांची धावपट्टी बांधली. शेतकरी म्हणतात, जमिनी युद्धापुरत्या घेतल्या होत्या, परत द्या. संरक्षण खातं म्हणतं, त्या आमच्याच. २२ जून २०१७ला याच वादातून आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळाल्या. मग या गावापुरतं युद्ध कुठल्या साली संपलं धरायचं? (जवळचं उल्हासनगर बघा. लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९मध्ये नवं नाव मिळालं, पण पत्त्यात ‘कॅम्प नंबर’ आजही आहेच.)

राघवन यांचा प्रश्न अख्ख्या देशाचा, त्यांना ही चौकट चालते. आपण मात्र थीसिसच्या शीर्षकात त्याच तारखा सवयीने टाकतो आणि १९४६नंतरचे कागद मागवतच नाही. नेवाळीसारख्या विषयाला लष्करी अहवालांइतकेच जुने सातबारे आणि तलाठ्याकडचे फेरफार लागतील. ते पाहीपर्यंत सिनॉप्सिसमधला कालखंड पेन्सिलीने लिहा.